एका खांबाचे रसग्रहण

नाटकाच्या समीक्षकाला पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते. अस्मादिकांना न्यू जर्सीतल्या एका तळघराच्या जिन्याची चौथी पायरी मिळाली आणि हातात साबुदाणावड्यांचं ताट. तेव्हा प्रस्तुत समीक्षेत कुठे दृष्टिदोष आढळला, तर तो पायरीचा समजावा.

त्याचं असं झालं. आमच्या मेहुणीला चाळीस वर्षं पुरी झाली. आपल्याकडे चाळिशी लागते म्हणजे चष्मा लागतो. तिकडे खांब लागतो. तिने मैत्रिणींसाठी घरीच 'पोल डान्सिंग पार्टी' ठेवली. शिकवणाऱ्या बाई खांब स्वतःच घेऊन येतात, तो उभा करतात, आठ-दहा जणींना दोन तास शिकवतात आणि सुटे भाग पिशवीत भरून पुढच्या वाढदिवसाला जातात. आपले बँडवाले नाही का एका लग्नाहून दुसऱ्या लग्नाला जात, तसं.

हा कलाप्रकार मला फक्त चित्रपटांतून ठाऊक. नायक खलनायकाला शोधत गुत्त्यात शिरतो आणि मागे अंधुक उजेडात कुणीतरी खांबाभोवती फिरत असतं. कॅमेरा नायकावर असतो; आपण मागे पाहत असतो. २०२० साली सुपर बोलच्या मध्यंतरात जेनिफर लोपेझ पन्नासाव्या वर्षी खांबावर चढल्या, तेव्हापासून हा विषय मेहुणीच्या डोक्यात होता म्हणे.

आता रंगमंच. खांब पोलादी, जाडी पंचेचाळीस मिलिमीटर, म्हणजे आमच्या हिच्या लाटण्यापेक्षा थोडा अधिक. एकही खिळा न मारता तो नुसता जमीन आणि छत यांच्यामध्ये पेच फिरवून घट्ट दाबून बसवायचा. मात्र वर नेमकी तुळई यायला हवी, नाहीतर नर्तकी खाली आणि छत नर्तकीवर. आमचे साडू नारळ निवडावा तसं छत ठोकून कान लावत होते. मग बाईंनी सगळ्यांच्या कागदावर सह्या घेतल्या. हातपाय मोडल्यास जबाबदारी ज्याची त्याची. असा कागद खरं म्हणजे लग्नातच घ्यायला हवा.

वेशभूषेचे मी बसल्या बसल्या दहा गुण कापले होते. आखूड चड्ड्या! पण बाई पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "अंगाला क्रीम लावून आलेल्यांनी पुसून घ्या. कपडा पोलादावर घसरतो, कातडी धरते." म्हणजे उघडे पाय हा शृंगार नव्हता, ब्रेक होता! मला आमच्या टेबलाच्या काचेखालचा एक कागद आठवला. लेकीने जूनमध्ये आणलेला, दोराच्या मल्लखांबाच्या वर्गाचा अर्ज. "असले कपडे घालून चारचौघांत?" असं म्हणून मी तो तिथे सरकवला होता. ही तेव्हा काहीच बोलली नव्हती.

आमच्या साडूंनी मात्र लगेच छाती फुगवली. "अहो, हे आपलंच! मल्लखांब!" साडूंच्या मते विमान आपलं, प्लास्टिक सर्जरी आपली, आता हाही खांब आपला. समीक्षकाने इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लखांब आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा नावारूपाला आणला, २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर त्याची जागतिक स्पर्धाही झाली. पण म्हणून गुत्त्यातला खांब पेशव्यांनी पाठवला असं होत नाही. आपला खांब लाकडी, त्याला एरंडेल चोळायचं. तिकडचा पोलादी, तो स्पिरिटने पुसायचा. घराणी वेगळी. नातं एवढंच, की दोन्हीकडे पडलं की सारखंच लागतं.

प्रयोगाकडे वळू. पूर्वार्ध पडला. संगीत कानठळ्या बसवणारं, उजेड लाल, इतका की वडा करपलाय की नाही तेही कळेना. बाईंनी केस उडवत, मादक नजरेने खांबाला फेरी मारायला सांगितलं. त्या मंडळींत एक दातांची डॉक्टर, दोघी संगणकवाल्या, एक गणिताची मास्तरीण. सगळ्यांनी वटपौर्णिमेला वडाभोवती फिरावं तशा श्रद्धेने फेऱ्या मारल्या.

उत्तरार्धात चढायची वेळ आली आणि अभिनय आपोआप गळाला. पोटऱ्या थरथरतात, दात आवळलेले, आणि जमिनीपासून तीन फुटांवर दातांची डॉक्टर दोन्ही हात सोडून हसते आहे! पाहणाऱ्याला खूश करायचं सोडलं तिथून पाहण्यासारखं सुरू झालं. या कलेविषयी माझं मत एवढंच.

तेवढ्यात मेहुणी ओरडली, "ताई, तू ये ना!" ही उठली. सलवारसकट चढली आणि सर्रकन खाली आली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साडूंच्या देखत सलवार गुडघ्यावर दुमडली, पुन्हा चढली, पायांची अढी घातली आणि हात सोडले. एक, दोन, तीन, चार, पाच. शिकवणाऱ्या बाईंनी संगीत बंद केलं. माझ्या ताटातला एक वडा पायऱ्या मोजत खाली गेला.

रात्री विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"गावी. दोरावर. तेरावं लागलं आणि आजीने बंद केलं. भाऊ जात राहिला."

"अठरा वर्षांत बोलली नाहीस कधी!"

"तुमच्याकडच्यांनी पाहायला आल्यावर विचारलं होतं, स्वयंपाक येतो का. तो येतो म्हणाले."

माझ्याकडे तिची पत्रिका अजून आहे. आवड : भरतकाम, वाचन. भरतकाम केलेलं मी तिला कधीच पाहिलेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या. घरातली ही चुकीची नोंद अठरा वर्षं तशीच राहिली.

परत आल्यावर काचेखालचा कागद काढला. त्याला चहाचा डाग पडलेला होता. 'पालकांची सही' असं लिहिलेल्या जागेवर मी पेन टेकवलं.

ही म्हणाली, "थांबा. ती मी करते."