भिंतीतून आलेली मूठ

कॉमिकमधल्या हल्कच्या मुठीचा दिवा घेणाऱ्याचं सगळं लक्ष मुठीकडे असतं. हिरवीगार, शिरा फुगलेली, आतून पेटलेली मूठ. पण या दिव्याची खरी करामत खोक्याच्या तळाशी ठेवलेल्या स्टिकरमध्ये आहे. फुटलेल्या भिंतीचं ते चित्र: मधोमध काळं भगदाड, त्याच्या कडेला सुटलेले पोपडे, आणि चारी दिशांना पळत गेलेल्या बारीक भेगा. आधी हा स्टिकर भिंतीला डकवायचा, मग त्यावर दिवा बसवायचा. स्टिकर नसला तर मूठ भिंतीला टांगलेल्या खेळण्यासारखी दिसते. तो लागला की भिंतीला पलीकडची बाजू येते, आणि तिकडून कोणीतरी इकडे घुसतंय असं वाटायला लागतं. लहान खोलीला नेमकं हेच हवं असतं.

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात हे फार लवकर कळतं. सिडकोने आखलेल्या इथल्या कितीतरी सेक्टरांत चिंचोळी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. शेजाऱ्याने खिळा ठोकला की आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्या कष्टकऱ्यांना संरक्षण मिळालं, त्यांतल्या अनेकांना सिडकोची घरं मिळाली ती इथेच. मुंबईतला घाऊक बाजार नवी मुंबईत आला, त्याच्यामागे सातारा-सांगली-जुन्नरकडची कुटुंबं आली. पुढे संसार वाढले, काही घरांवर मजले चढले, आणि पोरांच्या वाट्याला आली ती बहुधा जिन्याशेजारची दहा बाय दहाची खोली. पलंग, अभ्यासाचं टेबल, लोखंडी कपाट एवढं मांडलं की जमीन संपली. मोकळी राहते ती भिंत.

ही माणसं गावाकडच्या ज्या घरांतून आली, तिथे भिंतीत कोनाडा असायचा. हातभर जाड मातीच्या भिंतीत सोडलेली जागा, तिच्यात पणती नाहीतर रॉकेलची चिमणी. दिवा भिंतीच्या पोटात राही, कोणाच्या वाटेत येत नसे. कोनाड्याच्या बाजूंवर आपटून उजेड मऊ होऊन घरात येई. वर काजळीचा पट्टा उमटे, तो दिवाळीच्या सारवणात जाई. इथल्या विटेच्या पातळ भिंतीत कोनाडा काढायची सोय नाही, आणि ती भिंत शेजाऱ्याचीही असली तर बोलायलाच नको. मुठीचा दिवा तोच खोलपणा उलट्या बाजूने मिळवतो. कोनाड्यात भिंत आत जायची, इथे ती वीतभर बाहेर येते, आणि स्टिकरच्या जोरावर आतही गेल्यासारखी दिसते. जमिनीची एक इंचही जागा न अडवता खोलीला खोली देणारी ही युक्ती मला मोठी वाटते.

आता मूठ. दिवसा ती साधीच दिसते. संध्याकाळी ट्यूबलाइट मालवून फक्त ती लावावी आणि जवळ जाऊन बघावं. बोटांच्या पेरांवर प्लास्टिक पातळ आहे, तिथून पोपटी उजेड येतो. दोन बोटांमधल्या घडीत ते जाड आहे, तिथे शेवाळी काळोख साचतो. म्हणजे सावली रंगाने काढलेली नाही, ती साच्यातच धरलेली आहे. नखांच्या कडा, मनगटाकडे जाणारी शीर, हे दिवसा नुसते उंचवटे असतात. रात्री उजेडाच्या कमीजास्त होण्यातून त्यांना मांस चढतं. चांगल्या नगात आतला एलईडी कुठे आहे ते सापडत नाही, सगळी मूठच उजळते. स्वस्त नकलेत मधल्या बोटावर पांढरा ठिपका येतो आणि सगळी जादू तिथेच मरते. शिवाय मनगटाच्या मागून थोडा उजेड भिंतीवर सांडायला हवा. तो भेगांवरून तिरपा सरकला की छापलेली भेगही खरी वाटते.

एलईडी नसता तर हा प्रकार जन्माला आला नसता. आपल्या घरांतला जुना झीरोचा बल्ब 15 वॉटच्या आसपास वीज खायचा आणि हाताला चटका द्यायचा. तो बंद प्लास्टिकमध्ये कोंडला असता तर हल्कची बोटं मऊ पडली असती. निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा उजेड आला. त्या कामाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तीन पेन्सिल सेलवर चालणारी मूठ हे त्याच शोधाचं शेंडेफळ. वायर नाही, स्विचबोर्ड नाही, त्यांच्यासाठी भाड्याच्या खोलीत फोडाफोड नाही.

हिरव्या रंगाचीही एक हकिकत आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1962 मध्ये हल्क आणला तेव्हा तो राखाडी होता. छपाईत राखाडी रंग पानोपानी बदलायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. छापखान्याच्या अडचणीतून आलेला हा रंग दिव्याला मात्र फळला. राखाडी प्लास्टिकमधून आलेला उजेड आजारी दिसला असता. आणि अंधाराला सरावलेला डोळा हिरव्याला चटकन टिपतो, म्हणून एवढासा उजेडही रात्री पुरतो.

बाकीच्या वीरांच्या दिव्यांत कॅप्टन अमेरिकेची ढाल मला आवडते. 1941 च्या पहिल्या अंकात ती त्रिकोणी वळणाची होती, दुसऱ्यापासून गोल झाली, आणि दिव्याला गोलच शोभते. भिंतीत तिरपी रुतलेली तबकडी, तिचे लाल-पांढरे पट्टे एकामागून एक उजळलेले. कोणाच्या अंगावर न येणारा हा दिवा आहे, झोपायच्या खोलीला सगळ्यांत योग्य. आयर्न मॅनचा मुखवटा मला पटत नाही. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात लटकवलेल्या हरणाच्या डोक्यासारखा तो दिसतो. शरीर कुठे गेलं हा प्रश्न मुठीच्या बाबतीत पडत नाही, कारण ते पलीकडे आहे. मुखवट्याच्या बाबतीत पडतो. आणि हल्ली अॅक्रिलिकवर निऑन पट्टी वळवून काढलेली वीरांची जी चिन्हं मिळतात, ती पाटीच्या दुकानातली वाटतात. त्यांनी भिंत उजळते, पण सपाटच राहते.

आमच्या ओळखीच्या एका घरात, कोपरखैरण्यातल्या तीन टाकीच्या बाजूला, नातवाने अशी मूठ लावली. साधी नक्कल होती, पण भेगांचा स्टिकर झकास बसला होता. आजोबांची हयात मार्केटात गोणी उचलण्यात गेली. ते पलंगावर टेकले, बराच वेळ मुठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ह्याचा अंगठा बघ. बोटांच्या आत दाबलाय. असा ठोसा हाणला तर ह्याचाच अंगठा मोडंल."

"आजोबा, तो हल्क आहे!"

"आसंल. हात तर हातच हाय न्हवं?" आणि त्यांनी स्वतःची मूठ वळून दाखवली. अंगठा बाहेरून, बोटांच्या मधल्या पेरांवर आडवा.

मी दोन्ही मुठी बघितल्या, आणि आजोबांचं अगदी खरं होतं. मूळ दिवा घडवणाऱ्याने हाताचा अभ्यास केलेला असतो. नक्कल करणारा फक्त फुगीरपणा उचलतो, ताकद कुठून येते ते त्याला दिसत नाही. हा दोष पोराला दिसला नाही, पण एकदा दिसला की नजर तिथेच जाते.

बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दिवा पलंगाच्या डोक्याशी नको, पायाकडच्या भिंतीवर हवा, म्हणजे आडवं पडून बघता येतो. आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर स्टिकर लावू नये, श्रावण संपेपर्यंत तो सुटतो. ड्रिल मारून गिट्टी पक्की बसेल अशी आतली कोरडी भिंत निवडावी, रंग फिका आणि बिनचकाकीचा असावा. चकचकीत ऑइलपेंटवर उजेड परततो आणि भेग खोटी पडते.

माझी एक इच्छा आहे. रायगड जिल्ह्यात पेण आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत हात घडवणारे कारागीर आहेत. आशीर्वादाच्या तळव्यात किती बाक द्यायचा, बोटांची टोकं कुठे निमुळती करायची, हे त्यांना डोळे मिटून येतं. एखाद्या दिवेवाल्याने त्यांच्याकडून मुठीचा साचा करून घ्यावा. आणि मूठ बघायला बसवावं या आजोबांना.