अपुरा नर? अ‍ॅरिस्टॉटल आणि जिताडा

स्त्रीच्या तोंडात पुरुषापेक्षा कमी दात असतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) लिहून ठेवले आहे. विज्ञानाचे शिक्षक ही गोष्ट आवडीने सांगतात: एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण घरातल्या बाईचे दात मोजले नाहीत! गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून काढला जाणारा धडा आम्हाला फसवा वाटतो. मुळात हा न पाहता लिहिणारा माणूस नव्हता. कोंबडीची उबवत ठेवलेली अंडी दिवसागणिक फोडून त्याने पिलाची वाढ नोंदवली. मुशीच्या एका जातीत पिलू नाळेने आईच्या गर्भाशयाला जोडलेले असते, हे त्याचे निरीक्षण लोकांना खरे वाटेना; एकोणिसाव्या शतकात ते बरोबर निघाले. असा माणूस मादीविषयी लिहिताना घसरला कसा, हा खरा प्रश्न, आणि तो दातांच्या विनोदात हरवून जातो.

त्याची मांडणी अशी. प्राण्याच्या शरीरातील उष्णता अन्न शिजवून त्याचे रक्त करते. नर अधिक उष्ण, म्हणून त्याच्यात रक्त आणखी शिजून रेत बनते. मादी थंड, तिचे रक्त तेवढे शिजत नाही, ते मासिक स्राव होऊन बाहेर पडते. गर्भाला आई फक्त द्रव्य पुरवते, आकार आणि चलन बापाकडून येते. सुतार लाकडाला आकार देतो, पण सुताराचा कोणताही अंश लाकडात जात नाही, हा त्याचाच दाखला. यावरून मादी म्हणजे जणू अपंग राहिलेला नर, असे तो म्हणतो. मग मुले आईसारखी का दिसतात? बापाकडून आलेले चलन ढिले पडले म्हणून! येथे निरीक्षण संपले आणि सिद्धांताची वकिली सुरू झाली, असे आमचे मत आहे.

‘त्या काळी दुसरे काय सुचणार?’ हा बचाव टिकत नाही. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत आई आणि बाप दोघांचेही बीज असते असे सांगितले आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलला हे मत ठाऊक होते. त्याने ते खोडून काढण्यासाठी पाने खर्ची घातली. पुढे अलेक्झांड्रियात हेरोफिलसने स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले. गॅलेनने (दुसरे शतक) स्त्रीबीज मान्य केले, तरी स्त्री थंड आणि म्हणून कमी पूर्ण, हा शेरा मात्र कायम ठेवला!

आपल्याकडेही दोन्ही मते शेजारी शेजारी नांदली. चरकसंहितेत गर्भ शुक्र आणि शोणित यांच्या संयोगाने होतो, शरीराचे काही भाग आईकडून तर काही बापाकडून येतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले की ही उपमा केवळ उपमा नाही: बीज ज्याचे, पीक त्याचे, या न्यायाने मुलांवरचा आणि मालमत्तेवरचा हक्क ठरतो. वैद्यांचे मत पोथीत राहिले आणि शेताची उपमा घराघरांत गेली, ती का, याचे उत्तर यात सापडते.

वर्गातही सुतार अजून भेटतो. शुक्राणू ‘शर्यत जिंकतो’, अंडपेशी ‘वाट पाहत बसते’. वस्तुतः स्त्रीच्या प्रजननमार्गात काही काळ राहिल्याशिवाय शुक्राणूला फलनाची क्षमताच येत नाही, हे १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन यांनी वेगवेगळे दाखवून दिले. गर्भाच्या पेशींतील तंतुकणिका तर जवळजवळ सर्वस्वी आईच्याच.

यापेक्षा नाजूक बाब गुणसूत्रांच्या धड्याची. ‘मुलगी झाली तर दोष आईचा नाही, बापाचा आहे’ असे अनेक शिक्षक सद्हेतूने सांगतात. सुनेला बोल लागू नये हा हेतू चांगलाच. पण या वाक्यात मुलगी होणे हा दोषच राहतो, फक्त आरोपी बदलतो. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला. तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. तेव्हा हे वाक्य तपासून वापरावे, एवढीच विनंती.

‘अपुऱ्या नरा’चे काय करायचे? नेरूळसारख्या खाडीकाठच्या गावी उत्तर मासळीबाजारात मिळते. आगरी-कोळी घरांत मानाचा असलेला जिताडा बहुधा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, मादी होतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत बोलायचे तर येथे नरच अपुरी मादी ठरेल! गंमत म्हणजे असे मासे त्याच्याही पाहण्यात होते. ‘खाने’ नावाच्या माशात नर सापडतच नाहीत, सगळ्यांच्या पोटात गाबोळी, असे तो लिहितो, आणि खात्रीचे निरीक्षण व्हायचे आहे म्हणून प्रश्न मोकळा ठेवतो. (तो मासा उभयलिंगी आहे.) विणीच्या दिवसांत मासेविक्रेत्या मावशींना विचारून प्रत्येक जिताड्याचे वजन आणि पोटात गाबोळी होती की नाही, एवढे दोन रकाने मुलांना भरता येतील. लहान-मोठे मिळून वीस-पंचवीस मासे झाले तरी पुरेत.