‘एक औषधी वनस्पती (४)’ ही व्याख्या नव्हे

मराठी शब्दकोड्यांत एक सूचना ठरलेली असते: ‘एक औषधी वनस्पती (४)’. कंसातला आकडा अक्षरांचा. जोडाक्षरालाही एकच चौकोन. आता वही काढा आणि उत्तरं लिहा. अडुळसा, गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, कोरफड, पुनर्नवा, शंखपुष्पी, सदाफुली. आठ झाली, आणि यादी अजून संपलेली नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. व्याख्येची कामं दोन: हवं ते आत घेणं आणि नको ते बाहेर ठेवणं. ही सूचना दुसरं काम करतच नाही. ती वनस्पतीची ओळख देत नाही, फक्त वर्ग सांगते.

कोणी म्हणेल, अहो, उभे शब्द असतात की मदतीला! तेही तपासू. वरची आठ नावं एकाखाली एक लिहा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनात एकही अक्षर दोनदा येत नाही. पहिल्यात फक्त ‘अ’ दोनदा येतो. काना-मात्रा-जोडाक्षरं धरून आपल्याकडे अक्षरं शेकडो होतात, म्हणून असं घडतं. म्हणजे उभ्या शब्दातून एक अक्षर मिळालं की या आठांपुरता निकाल जवळजवळ लागला. पण मग ओळख पटवली कोणी? उभ्या शब्दाने. आडव्या सूचनेचा वाटा शून्य.

याउलट ही सूचना बघा: ‘बारमाही फुलते, हिच्यातलं विनक्रिस्टीन कर्करोगावर वापरतात (४)’. एका ओळीत सात नावं बाहेर गेली, सदाफुली उरली. शिवाय कोडं सोडवणाऱ्याला काहीतरी नवीन कळलं.

दुसरी अडचण बोलीची. आमच्या कळमन्यात भाजीवाल्याकडे ‘सांभार’ मागितला की कोथिंबीर मिळते. विदर्भात हाच शब्द चालतो. पण ‘भाजीवर चिरून घालतात ती सुवासिक पानं (४)’ असं विचारलं, तर सांभार तीन अक्षरांचा, चौकोनात बसतच नाही. उत्तर माहीत असणारा माणूस इथे अडतो. कोड्यात एक चौकोन रिकामा राहील, एवढंच. पण तुम्ही गावात जाऊन वनस्पतींच्या वापराचा सर्व्हे करत असाल आणि तुमच्या यादीत ‘सांभार’ नसेल, तर ती नोंद एक तर गळते किंवा वेगळीच वनस्पती म्हणून मोजली जाते.

तिसरी अडचण याहून गंभीर आहे. ‘बुद्धिवर्धक वनस्पती (२)’, उत्तर ब्राह्मी. कोडं सुटलं. पण कोणती ब्राह्मी? काही जण बकोपा मोनिएरीला ब्राह्मी म्हणतात, काही जण सेंटेला एशियाटिकाला, म्हणजे मंडूकपर्णीला. दोन्हींची कुळं वेगळी, रसायनं वेगळी. शंखपुष्पीचंही तेच: हे नाव निदान तीन-चार वेगळ्या वनस्पतींना लावतात, त्यात गोकर्णही आली. कोड्यात नाव बरोबर आलं की काम झालं; संशोधनात तिथून काम सुरू होतं. म्हणूनच शास्त्रीय नाव लिहायचं, नमुना वाळवून हर्बेरियममध्ये जमा करायचा, त्याचा क्रमांक प्रबंधात द्यायचा. हे नसेल तर तुमचा प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक मुख्य शब्दाला एकच प्रश्न विचारा: माझ्या व्याख्येत आणखी काय काय बसतं? उत्तरं आठ निघाली, तर ती सूचना आहे, व्याख्या नाही.