प्रतिकृती, प्रमाण आणि परीक्षण : मोटार-प्रतिकृतींच्या छंदाची एक चिकित्सा

सारांश

प्रमाणबद्ध मोटार-प्रतिकृती तयार करणे आणि त्या प्रदर्शनात मांडणे हा छंद विसाव्या शतकात प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन आणि जपान या देशांत विकसित झाला. त्याची नोंद बहुधा मनोरंजन किंवा व्यापार या सदरांखाली होते. कलाव्यवहार म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच केली जाते. 'हुबेहूबपणा' हा या छंदाचा सर्वमान्य निकष आहे. प्रस्तुत लेखात हा निकष तपासला असून, प्रतिकृतीचे मूल्य साम्यापेक्षा निवडीत आणि वगळण्यात असते, असे प्रतिपादन केले आहे. दोष मोजणाऱ्या परीक्षणपद्धतीच्या मर्यादाही त्या अनुषंगाने स्पष्ट केल्या आहेत.

कळीचे शब्द : प्रतिकृती, प्रमाण, छंद, कारागिरी, प्रदर्शन, परीक्षण.

१. प्रस्तावना

लहान आकाराच्या वस्तूंचे आकर्षण सार्वत्रिक आहे. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 'द सॅव्हेज माइंड' (मूळ फ्रेंच, १९६२) या ग्रंथाच्या प्रारंभीच लघुप्रतिकृतीचा विचार केला आहे. मोठी वस्तू समजून घेताना आपण भागांकडून समग्राकडे जातो. लघुप्रतिकृतीत मात्र समग्र आधी हाती येते आणि भाग नंतर उलगडतात, असे त्यांचे विवेचन आहे. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. प्रतिकृती हाताने घडवलेली असते. म्हणून ती मूळ वस्तूचे निष्क्रिय प्रतिबिंब नसून त्या वस्तूवर केलेला एक प्रयोग असते. अनेक शक्य पर्यायांपैकी एक पर्याय कर्त्याने स्वीकारलेला असतो आणि न स्वीकारलेल्या पर्यायांची जाणीव पाहणाऱ्यालाही होत असते.

हे विवेचन मान्य केल्यास प्रतिकृतीसंबंधीचा नेहमीचा प्रश्न बदलतो. 'ही मोटार मूळ मोटारीसारखी दिसते का?' या प्रश्नाऐवजी 'कर्त्याने काय ठेवले, काय सोडले आणि का?' हा प्रश्न पुढे येतो. या दृष्टीने काही निवडक उदाहरणांचा विचार येथे केला आहे.

२. बग्गीकडून मोटारीकडे : फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड

जनरल मोटर्स या कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली किशोरवयीन मुलांसाठी प्रतिकृतींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता ती १९६८ पर्यंत चालली. आरंभी स्पर्धकांनी नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती करावयाची होती. अशी बग्गी हेच फिशर बॉडीचे बोधचिन्ह होते. आराखडा कंपनीने पुरवलेला असे. लाकूड, धातू, कापड आणि रंग वापरून त्या आराखड्याशी शक्य तितके इमान राखणे हेच यशाचे गमक होते. १९३७ पासून मोटारींचा विभाग सुरू झाला आणि अपेक्षा पालटली. येथे अस्तित्वात नसलेली, स्वतः कल्पिलेली मोटार १/१२ प्रमाणात साकारावयाची होती. परीक्षणात कारागिरीइतकेच रचनेच्या मौलिकतेलाही महत्त्व होते. महायुद्धानंतर बग्गीचा विभाग बंद झाला आणि मोटारींचा विभाग शेवटपर्यंत टिकला.

या स्थित्यंतराचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. बग्गी आधी अस्तित्वात होती आणि प्रतिकृती तिच्यामागून आली. स्वप्नातील मोटारीच्या बाबतीत मात्र प्रतिकृती हीच मूळ वस्तू ठरली. ज्याला मूळच नाही त्याच्याशी साम्य कसे मोजणार? एकाच संस्थेने कारागिरीचे दोन परस्परविरोधी आदर्श मुलांपुढे ठेवले, ही बाब लक्षणीय आहे.

अर्थात ही स्पर्धा निर्हेतुक नव्हती. अमेरिकी इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांनी 'हॉबीज' (१९९९) या ग्रंथात असे दाखवले आहे की, छंद वरकरणी कामापासून सुटका वाटला तरी कामाच्या जगातील मूल्येच तो फुरसतीत रुजवतो. गिल्डच्या बाबतीत हे शब्दशः खरे ठरते. १९४७ चे विजेते चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख झाले. शिष्यवृत्ती, कौतुक आणि नोकरी यांची ही साखळी होती. ती केवळ मुलग्यांसाठी खुली होती, मुलींना तेथे प्रवेश नव्हता. मोटारीचे स्वप्न कोणी पाहावे, हेही स्पर्धेच्या नियमांनीच ठरवले होते. कारागिरीचा गौरव करताना या वगळण्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

३. तीन पर्यायांचा संच आणि बार्थ यांचा आक्षेप

छंदाचा मोठा विस्तार प्लास्टिकच्या संचांमुळे झाला. अमेरिकेतील मोटार-विक्रेत्यांकडे नव्या मोटारींच्या लहान प्रतिकृती प्रसिद्धीसाठी ठेवल्या जात. अशा प्रतिकृती तयार करणाऱ्या एएमटी या कंपनीने १९५८ साली १/२५ प्रमाणातील 'तीनांत एक' संच बाजारात आणले. एकाच डब्यातील सुट्या भागांतून कारखान्यातून बाहेर पडते तशी, मालकाच्या आवडीनुसार बदललेली किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारे मोटार जुळवता येत असे.

याच्या आदल्याच वर्षी, १९५७ साली, रोलाँ बार्थ यांचे 'मिथॉलॉजीज' प्रसिद्ध झाले होते. त्यातील खेळण्यांवरील लेखात त्यांनी आधुनिक खेळण्यांवर टीका केली आहे. अशी खेळणी म्हणजे प्रौढांच्या जगाची लहान आवृत्ती असते. ती मुलाला वापरकर्ता आणि मालक बनवतात, निर्माता बनवत नाहीत, असा त्यांचा आक्षेप आहे. लाकडाच्या तुलनेत प्लास्टिकविषयीची त्यांची नापसंतीही त्यात व्यक्त झाली आहे.

संचातील मोटार या आक्षेपात कितपत बसते? एका अर्थी ती पूर्णपणे बसते. भाग साच्यातून आलेले असतात, क्रम पत्रकात छापलेला असतो आणि जुळवणारा जणू घरच्या टेबलावर कारखान्याची जुळणी-साखळी चालवत असतो. परंतु एक गोष्ट या चौकटीबाहेर राहते, ती म्हणजे उरलेले भाग. तीन प्रकारांपैकी एक निवडला की दुसऱ्या दोहोंची चाके, बंपर आणि इंजिनाचे भाग डब्यात शिल्लक राहतात. छंदिष्ट ते टाकून देत नाहीत. एका संचाचे इंजिन दुसऱ्याच्या सांगाड्यात बसवले जाते, छप्पर कापून खाली आणले जाते, दोन संचांतून कोणत्याही कंपनीने न काढलेली तिसरी मोटार तयार होते. लेव्ही-स्त्रोस ज्यांना न स्वीकारलेले पर्याय म्हणतात, ते येथे अक्षरशः खोक्यात साठवलेले असतात. बार्थ यांचे निरीक्षण तयार खेळण्याला लागू पडते. सुट्या भागांपाशी मात्र ते अपुरे ठरते.

४. प्रमाण म्हणजे केवळ गणित नव्हे

या छंदात 'प्रमाण' हा शब्द जवळजवळ पवित्र मानला जातो. तथापि प्रमाणांचा इतिहास पाहिल्यास त्यांत योगायोगाचा वाटा मोठा दिसतो. १/२४ मागे अर्धा इंच म्हणजे एक फूट हा सोयीचा हिशेब आहे. १/४३ हे खेळण्यातील रेल्वेच्या एका प्रमाणावरून मोटारींकडे आले. रणगाड्यांसाठी रूढ झालेले १/३५ हे प्रमाण तर जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पँथर रणगाड्यात विजेऱ्या व मोटर बसाव्यात म्हणून निश्चित केले होते.

याहून मूलभूत अडचण द्रव्याची आहे. मोटारीची लांबी पंचविसाव्या हिश्शावर आणता येते. रंग, प्रकाश आणि पाहणाऱ्याचा डोळा यांना मात्र तसे लहान करता येत नाही. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर साधारणतः १०० मायक्रॉन धरल्यास १/२५ प्रतिकृतीवर तो ४ मायक्रॉन असावयास हवा. फवारणीच्या हातांनी बसणारा थर याच्या कितीतरी पट जाड असतो. दरवाजाभोवतीची ४ मिलिमीटरची फट ०.१६ मिलिमीटर व्हावयास हवी. धातूसारख्या चमकणाऱ्या रंगातील कण प्रतिकृतीसाठी आपोआप बारीक होत नाहीत. म्हणून मूळ मोटारीचाच रंग वापरला तर प्रतिकृती खेळण्यासारखी दिसू लागते. जाणकार कर्ते अशा वेळी बारीक कणांचा रंग निवडतात, मूळ छटा किंचित फिकी करतात, फटींत गडद रंग सोडून त्या खोल भासवतात. काटेकोर अर्थाने हे सारे मूळ मोटारीपासून दूर जाणे आहे; मात्र त्यामुळेच प्रतिकृती खरी वाटते.

१९७६ साली बाजारात आलेल्या १/१२ पोर्शे ९३४ या संचाच्या तयारीसाठी तामिया कंपनीने एक पोर्शे ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी केली होती, ही गोष्ट छंदिष्टांमध्ये आदराने सांगितली जाते. अभ्यासाची ती निष्ठा निःसंशय थोर आहे. परंतु मोजमापे गोळा झाल्यानंतरही कोणती रेषा ठसठशीत ठेवायची आणि कोणती मिटवायची, हा निर्णय उरतोच. मोजपट्टी तो निर्णय घेऊ शकत नाही.

५. टेबल, परीक्षक आणि अंतर

प्रदर्शनात या निर्णयाची दखल कितपत घेतली जाते? १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटीच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. तिच्या अमेरिकी शाखेच्या परीक्षणात मूलभूत कारागिरीला अग्रक्रम असतो. सांध्याची रेघ दिसते का, चारही चाके जमिनीला टेकतात का, रंगात धूळ अडकली आहे का, काचेवर गोंदाचा डाग आहे का, हे आधी पाहिले जाते. या पद्धतीचे गुण मान्य केलेच पाहिजेत. ती पारदर्शक आहे. कर्ता कोण, त्याची प्रतिष्ठा किती, याचा विचार तिला करावा लागत नाही. नवख्यालाही आपले कुठे चुकले ते नेमके कळते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही अशा निकषांची उपयुक्तता वेगळी पटवून द्यावी लागणार नाही.

मात्र दोष मोजणारी पद्धत अखेर दोषांचा अभाव शोधते, आणि दोषांचा अभाव म्हणजे गुण नव्हे. धाडसाने छप्पर कापणाऱ्याच्या कामात सांधे अधिक असतात, म्हणून दोषांच्या शक्यताही अधिक. पत्रकाबरहुकूम जुळवणारा तुलनेने सुरक्षित राहतो. शिवाय उत्तम कारागिरीची खूण म्हणजे हाताची खूण न दिसणे, असा संकेत रूढ होतो. ज्या श्रमासाठी पारितोषिक द्यायचे तोच श्रम अदृश्य असावा, अशी ही विचित्र अट आहे.

या पद्धतीला छंदाच्या आतूनच पर्याय निर्माण झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या 'एनएनएल' प्रकारच्या प्रदर्शनांत परीक्षकमंडळ नसते. एखादा विषय जाहीर होतो, टेबलांवर प्रतिकृती मांडल्या जातात आणि मोजकी पारितोषिके सहभागींच्या मतांवरून दिली जातात. येथे क्रमांकापेक्षा संभाषण महत्त्वाचे ठरते. तथापि लोकमत भपक्याकडे झुकू शकते, ही या पर्यायाची मर्यादा होय.

दोन्ही प्रकारांत टेबल मात्र समान राहते आणि टेबल ही तटस्थ जागा नव्हे. टेबलापासून ७५ सेंटिमीटर उंचीवरून १/२५ प्रतिकृतीकडे पाहणे म्हणजे खऱ्या मोटारीकडे सुमारे १९ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण सहाव्या मजल्यावरून पाहणे. त्या उंचीवरून रस्त्यावरच्या मोटारीचा सांधा कोणीही तपासत नाही. परीक्षक बॅटरी घेऊन वाकतो तेव्हा मोटारीजवळ उभ्या असलेल्या माणसाची नजर त्याच्याकडे नसते. ती तपासनिसाची नजर असते.

६. एल्गिन पार्क : रस्त्यावर उतरलेली नजर

मायकेल पॉल स्मिथ (निधन २०१८) यांचे काम या संदर्भात निर्णायक ठरते. 'एल्गिन पार्क' हे विसाव्या शतकाच्या मध्यातील काल्पनिक अमेरिकी गाव त्यांनी १/२४ प्रमाणात उभे केले. इमारती त्यांनी हाताने घडवल्या. मोटारी बहुतांशी विकत घेतलेल्या, डायकास्ट धातूच्या होत्या. ही दृश्ये ते उघड्यावर टेबलावर मांडत. मागे खरी झाडे, खरी घरे आणि खरे आकाश येईल अशा बेताने साध्या डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्र घेत. २०१५ साली ही छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

स्पर्धेच्या मोटार विभागात यांतील बहुतेक मोटारींना स्थान मिळाले नसते, कारण त्या कर्त्याने जुळवलेल्याच नव्हत्या. परंतु स्मिथ यांनी पाहणाऱ्याचा डोळा टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत खाली आणला. दीड मीटर उंचीची नजर १/२४ प्रमाणात सहा सेंटिमीटरांवर येते. तेथून पाहताच मोटार ही 'वस्तू' न राहता 'प्रसंग' होते : कोणीतरी नुकतेच उतरून आत गेले आहे, रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो आहे. मोटारीचे साम्य पूर्वीइतकेच असते. बदलते ते तिचे स्थान.

या कामाचीही चिकित्सा आवश्यक आहे. सुझन स्ट्युअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात लघुरूपाचा संबंध स्मरणव्याकुळतेशी जोडला आहे. लघुविश्व बंदिस्त आणि दोषमुक्त असल्यामुळेच हवेहवेसे वाटते. एल्गिन पार्कमध्ये माणसे दिसत नाहीत. त्यामुळे त्या काळातील वर्णभेद आणि विषमताही दिसत नाही. हे गाव निर्दोष आहे, कारण तेथे कोणी राहत नाही. मात्र हीच रिकामी जागा पाहणाऱ्याला अस्वस्थ करते, असाही या छायाचित्रांचा अनुभव आहे. वगळण्यातून सौंदर्य निर्माण होते आणि वगळलेल्याविषयीचा प्रश्नही. टीकेने दोन्हींची नोंद घेतली पाहिजे.

७. निष्कर्ष

१) मोटार-प्रतिकृती ही मूळ मोटारीची लहान नक्कल नसून तिच्याविषयीचा एक अन्वयार्थ असतो. रंगाचा थर, फटी आणि पाहण्याचे अंतर यांच्या मर्यादेमुळे निव्वळ हुबेहूबपणा तत्त्वतःच अशक्य आहे.

२) संचामुळे छंद कारखान्याच्या शिस्तीत आला, हे खरे, परंतु उरलेल्या भागांनी त्या शिस्तीबाहेर पडण्याची वाटही मोकळी ठेवली.

३) दोषगणनेवर आधारित परीक्षण न्याय्य आणि शिकवणारे असले तरी ते पुरेसे नाही. निवड, वगळणूक आणि मांडणी या तीन अंगांचा विचार त्याला जोडणे आवश्यक आहे.

४) छंदाचा गौरव करताना त्यातून कोण आणि काय वगळले गेले, हाही चिकित्सेचा विषय ठरला पाहिजे.

चार चाके एका पातळीत टेकली आहेत की नाहीत, हे पाहणे आवश्यकच आहे. परंतु ती मोटार कोठून आली, कोठे निघाली आहे आणि तिच्यात कोणाला बसू दिले नाही, हे विचारल्याखेरीज परीक्षण पूर्ण होत नाही.