मोठे आकडे आणि लहान मुले

ग्रहताऱ्यांवरील मुलांची पुस्तके चाळताना एक गोष्ट हटकून आढळते. शनीचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे १४३ कोटी किलोमीटर, गुरूचा व्यास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर, असे सांगून लेखक एक रंगीत चित्र देतो आणि पुढच्या ग्रहाकडे वळतो. आकडे भरपूर असतात. गणित मात्र नसते. उमेदीची वर्षे सरकारी हिशेब तपासण्यात गेल्यामुळे असेल, परंतु ज्याचा ताळा पाहता येत नाही तो आकडा मला केवळ पाठांतराचा विषय वाटतो. कोट्यवधी मैलांनी मूल थक्क होते, हे खरे. पण थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे.

आपल्याकडची जुनी रीत याच्या उलट होती. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचले. या ग्रंथावरून महाराष्ट्रात आणि आपल्या या गुजरातेतही पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे होत आली. लाघव म्हणजे सोपेपणा, आटोपशीरपणा. पूर्वीच्या ग्रंथांत युगारंभापासूनचे दिवस मोजावे लागत आणि संख्या अवाढव्य होई. गणेश दैवज्ञांनी अकरा चांद्रसौर वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरले आणि किती चक्रे झाली व वर किती दिवस उरले, एवढ्यावर काम भागवले. ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोडही त्यांनी टाळली. मोठी संख्या लहान करून हाताळण्याजोगी करणे ही खरी गणिती प्रतिभा. आजचा बाललेखक नेमके उलटे करतो.

इंग्रजी अमदानीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ही वाट सामान्य वाचकासाठी खुली केली. दीक्षित हाडाचे शिक्षक. धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलातही त्यांनी काही वर्षे काढली. खानदेशातून सुरतेत आलेल्या आपल्यातील घरांना ही जवळीक ठाऊक असावी. ‘ज्योतिर्विलास’ला त्यांनी जोडलेले दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. शीर्षकातच वेळेचे माप देणारा हा ग्रंथकार वाचकाने बाहेर येऊन वर पाहावे, अशी अपेक्षा ठेवतो.

आपल्या काळात जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आले आणि मराठी विज्ञानलेखनाची पातळी उंचावली. मंगला नारळीकरांच्या ‘गणितगप्पा’ने गणिताची भीती घालवली. एक पुस्तक आकाशाचे, दुसरे गणिताचे, आणि दोन्ही एकाच घरातली. मंगलाताई २०२३ मध्ये आणि जयंतराव २०२५ मध्ये गेले. या दोन पुस्तकांच्या मधले, दहा-बारा वर्षांच्या मुलाला गणिताच्या बोटाला धरून ग्रहापर्यंत नेणारे तिसरे पुस्तक मराठीला हवे आहे.

ते का निघत नाही, याचे एक कारण मला संकोचात दिसते. ग्रहांचे अंकगणित आपल्या घरांत आजही आहे, पण ते फलज्योतिषाच्या पोटात दडलेले. शनीची एक प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची. तिला बारा राशींनी भागा, एका राशीला सुमारे अडीच वर्षे येतात. अशा तीन राशी म्हणजे साडेसाती. ज्या शब्दाने घरातली मोठी माणसे धास्तावतात, तो मुळात पाचवीच्या मुलाला येणारा भागाकार-गुणाकार आहे. अंधश्रद्धेला हातभार लागेल या भीतीने विज्ञानलेखक हा शब्दच टाळतात, आणि भाकितासोबत भागाकारही फेकला जातो. नारळीकरांनी स्वतः असा संकोच केला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सत्तावीस ज्योतिषांनी पत्रिकांवरून हुशार मुले आणि मतिमंद मुले ओळखण्याचा प्रयत्न केला. यश शेकडा ४६ आले. नाणे उडवले असते तर शेकडा ५० च्या आसपास आले असते! तेव्हा साडेसाती मुलांना जरूर शिकवावी. तिचा हिशेबही दाखवावा आणि तिच्या भाकिताची परीक्षाही.

आमच्या सुरतेत तर या पुस्तकाची निकड अधिक आहे. नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजोबा ‘एकोणतीस’ म्हणतात, नातू ‘ओगणत्रीस’. दोन्ही शब्दांचा अर्थ तिसाला एक कमी, हे दाखवले की भाषेचे अंतरही थोडे मिटते. साहित्य काहीच लागत नाही. उत्तरायणात पतंगासाठी ज्या गच्चीवर चढतो, तिच्यावरून ध्रुव शोधावा. हात ताठ धरला तर मूठ दहा अंशांची. दोन मुठी आणि वर जेमतेम एक बोट, म्हणजे सुमारे एकवीस अंश. तेच सुरतेचे अक्षांश. शुक्राचा हिशेब याहून देखणा. सूर्याच्या संदर्भात तो पुन्हा त्याच स्थितीत यायला ५८४ दिवस लागतात. पाच वेळा ५८४ म्हणजे २९२०, आणि आठ वेळा ३६५ म्हणजेही २९२०. म्हणून आठ वर्षांनी शुक्र त्याच सुमारास, जवळजवळ त्याच जागी दिसतो. असे एक समीकरण चार रंगीत पानांना भारी आहे.

गुरूचे उदाहरण तर प्रत्येक घरी ठाऊक. तो सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ. २००३ मध्ये झाला, २०१५ मध्ये झाला. परंतु गुरूची प्रदक्षिणा पुरती बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे. प्रत्येक फेरीत ०.१४ वर्ष शिल्लक राहते आणि सात फेऱ्यांत जवळजवळ एक वर्ष साचते. मग ते वर्ष कुठे जाते, असे मुलाने विचारले, तर उत्तराची जागा मुलांच्या पुस्तकातच असली पाहिजे.