वज्रेश्वरीचीं ऊन पाण्याचीं कुंडें : एक परीक्षण

पुस्तकाचें परीक्षण करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. नाटकाचें व चित्रपटाचेंही होतें. स्थळांच्या वांट्यास मात्र स्तुति तरी येते, नाहीं तर तक्रार. "हें स्थळ जें देऊं म्हणतें तें देतें काय?" असा सरळ प्रश्न विचारून त्याचें शांतपणें उत्तर शोधण्याचा प्रकार विरळाच. वास्तविक मध्यम स्थितींतील कुटुंबाला वर्षांतून मिळणारी चार-आठ दिवसांची सुट्टी ही पुस्तकाच्या किंमतीहून फार मोलाची वस्तु आहे. पुस्तक न आवडलें तर मिटून ठेवतां येतें. वायां गेलेली सुट्टी परत मिळत नाहीं. म्हणून ठाणें जिल्ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशा ऊन पाण्याच्या स्थळाचें, म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी या शेजारच्या तीन गांवांचें, परीक्षण करण्याचें मीं योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड माजिवड्यास. येथील नाक्यावरून निघणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांपैकीं कोणताही धरला तरी वज्रेश्वरी गांठतां येते. घोडबंदरच्या रस्त्यानें अहमदाबादच्या महामार्गास लागून शिरसाडपर्यंत जावें व उजवीकडे वळावें. किंवा भिवंडीवरून वाड्याच्या रस्त्यानें अंबाडीपर्यंत जाऊन डावीकडे वळावें. भिवंडीवरून अंतर सुमारें ४० किलोमीटर. इतकें जवळ असूनही, किंवा इतकें जवळ असल्यामुळेंच म्हणा, आम्ही तेथें कित्येक वर्षांत गेलों नव्हतों. यंदा दिवाळीच्या सुट्टीचा खल घरांत सुरू झाला, तेव्हां आई म्हणाली, "मला बाई एकदां गणेशपुरीला न्या. दर्शन होईल, आणि गुडघेही शेकून निघतील." मुलांना तेथल्याच एखाद्या विश्रामगृहांतील पोहण्याचा तलाव हवा होता. पत्नी म्हणाली, "मला कांहींच नको; चार दिवस चुलीसमोर उभें राहणें नको." एकाच स्थळाकडे तीन माणसांच्या तीन मागण्या : तीर्थाची व औषधाची मिळून आईची, करमणुकीची मुलांची आणि विश्रांतीची पत्नीची. विरोध एकट्या माझाच होता. त्याचें कारण पुढें येईल.

प्रथम या पाण्याविषयीं. तानसा नदीच्या पात्रांत व कांठांवर थोडक्या टापूंत हे झरे फुटलेले आहेत. याच नदीचें थंड पाणी वरच्या अंगास, १८९२ सालीं पुरें झालेल्या धरणांत अडवून, मुंबईस नेलेलें आहे. ऊन पाणी तेवढें गांवाच्या वांट्यास राहिलें. कोंकणपट्टींत असे झरे पालघरकडील सातिवलीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत जणूं एका ओळींत आढळतात. पालीजवळचें उन्हेरें, महाडजवळचें सव, खेड-दापोलीकडील उन्हवरें, संगमेश्वराकडील आरवली, तुरळ व राजवाडी हीं त्यांतलींच स्थळें. उन्हाळें, उन्हेरें, उन्हवरें या नांवांतच 'ऊन' आहे. नांवें ठेवणाऱ्या आमच्या पूर्वजांनीं आधीं पाण्याला हात लावून पाहिला होता, हें उघड आहे.

हें पाणी तापतें कशानें? देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त या पाण्यांत मिसळलें, अशी स्थानिक आख्यायिका आहे. शाळेंतला मुलगा म्हणतो, खालीं ज्वालामुखी असेल. सह्याद्रीचा काळा खडक हा लाव्हारसाचाच खरा. परंतु तो वाहिला त्यास सुमारें साडेसहा कोटि वर्षें लोटलीं, आणि त्याची ऊब केव्हांच निवाली. भूगर्भशास्त्राचें उत्तर अधिक साधें आहे. पावसाचेंच पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरतें. भूमीचें पोट सामान्यतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंशांनीं अधिक ऊन होत जातें. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर चढतें. येथल्या कांहीं झऱ्यांची उष्णता सुमारें ५० अंश सेल्सियस भरते. लोक याला सरसकट 'गंधकाचें पाणी' म्हणतात. पण रासायनिक तपासणींत त्यांत मुख्यतः सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड, म्हणजे एका परीनें मिठाचाच अंश, आढळतो. म्हणजे आपण ज्यांत पाय सोडून बसतों तें आपल्याच डोंगरावर कधीं काळीं पडलेलें पावसाचें पाणी असतें. मला तरी हें सत्य दैत्याच्या कथेहून कमी अद्भुत वाटलें नाहीं.

आतां तीर्थ या नात्यानें विचार करूं. वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांनीं देवीला नवस केला आणि १७३९ सालीं वसई हातीं आल्यावर येथें मंदिर उभारलें, अशी परंपरा आहे. मंदिराकडे पाहिलें कीं ती खरी वाटते, कारण तें मंदिर कमी व गढी अधिक दिसतें. उंचवट्यावरचा तट, दगडी पायऱ्या आणि नगारखान्याचा भक्कम दरवाजा यांवर लढाई जिंकून आलेल्या माणसांचा हात फिरलेला स्पष्ट दिसतो. गणेशपुरीचें वातावरण निराळें. तेथें भीमेश्वराचें देऊळ व कुंडें जुनीं. पण गांवाची आजची ख्याति आहे ती १९३६ च्या सुमारास तेथें येऊन राहिलेल्या व १९६१ सालीं समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांमुळें. भाविकाला येथें न्यून भासणार नाहीं. ज्याला भक्तीपेक्षां इतिहासाची ओढ आहे, त्यालाही अर्धा दिवस पुरणार नाहीं. गर्दीचे दिवस तेवढे टाळावे.

तीर्थाचा आणखी एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. येथल्या सार्वजनिक कुंडांत भाताचीं कामें आटोपून आलेला शेतकरी, भिवंडीच्या मागावरचा कामगार आणि मोटारींतून उतरलेला व्यापारी हे एकाच पाण्यांत बसतात. ही गोष्ट वाटते तितकी सहज साधलेली नाहीं. सवच्या झऱ्यांपासून फारशा दूर नसलेल्या महाडास १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, हें विसरून चालणार नाहीं. सर्वांचें असलेलें पाणी सर्वांना मिळणें हीच एक मिळकत आहे, आणि तिची किंमत कोणत्याही विश्रामगृहाच्या दरपत्रकांत सांपडावयाची नाहीं.

परंतु जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, अशी आपल्याकडे गत होते. कुंडाच्या कांठावर साबणाचीं वेष्टनें व तेलाच्या पुड्या पडलेल्या दिसतात. वाहतें पाणी वापरणाऱ्यांच्या मानानें अपुरें पडतें. ज्या पाण्यासाठीं सारे येतात, त्याचीच निगा सर्वांत कमी. स्थळाचा मुख्य दोष हाच, आणि औषधाच्या विचारांत तो फार जड ठरतो.

माझ्या विरोधाचें कारण येथें सांगतों. दहा-बारा वर्षांपूर्वीं मी माझ्या थोरल्या काकांना घेऊन कोंकणांतील दुसऱ्या एका उन्हाळ्यावर गेलों होतों. काका मधुमेही. ते पाय पाण्यांत सोडून खुशाल गप्पा मारीत बसले. शेजारच्या तरुणानें चटका बसून पाय झटकन् वर घेतला, काका हंसले. मला तें त्यांच्या सोसण्याचें लक्षण वाटलें आणि मीं कौतुकानें तसें बोलूनही दाखविलें. वस्तुतः त्यांच्या पायांची संवेदनाच गेलेली होती. रात्रीं दोन्ही तळव्यांना फोड आले, जखम चिघळली, तीन महिन्यांनीं एक बोट काढावें लागलें. काकांनीं मला कधीं शब्दानेंही दुखविलें नाहीं, आणि त्यामुळेंच तें माझ्या मनांतून जात नाहीं. दोष पाण्याचा नव्हता. ज्यानें पाणी हातानें पाहिलें नाहीं त्या पुतण्याचा होता.

तेव्हां औषध म्हणून या पाण्याची योग्यता किती? ऊन पाण्यांत बसल्यानें दुखरे सांधे व आखडलेले स्नायु सैल होतात, वेदना कांहीं काळ कमी होते, हें वैद्यकासही मान्य आहे. पण उतार म्हणजे बरें होणें नव्हे. झिजलेला गुडघा कुंडांत भरून येत नाहीं, आणि त्वचारोग्यानें सर्वांच्या कुंडांत उतरणें त्याच्याही हिताचें नाहीं व इतरांच्याही नाहीं. मधुमेही, हृदयविकारी व गर्भिणी यांनीं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जाऊंच नये. इतरांनींही पाणी आधीं कोपरानें पाहावें, जसें तान्ह्या मुलाच्या न्हाणीचें पाहतात. चाळीस अंशांवरच्या पाण्यांत फार वेळ बसूं नये, आणि उठतांना एकदम उठूं नये.

याहून एक गंभीर गोष्ट आहे. इंग्लंडांत बाथ नांवाचें गांव आहे. रोमन लोकांनीं बांधलेल्या तेथील स्नानगृहांचा झरा सुमारें ४६ अंशांचा. १९७८ सालीं तेथें पोहलेली एक मुलगी मेंदूच्या रोगानें दगावली. ऊन पाण्यांत वाढणारा एक सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूंत शिरला होता. हा रोग अत्यंत विरळा. पण तो जडल्यावर वांचणारा त्याहून विरळा. त्या लोकांनीं काय केलें? जुन्या कुंडांत स्नान बंद केलें, शुद्ध पाणी खोलून वर आणण्याची सोय केली आणि २००६ सालीं नवें स्नानगृह उघडलें. झऱ्याची प्रतिष्ठा त्यानें घटली नाहीं. जपानांत ऊन पाण्याच्या कुंडांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें बाहेर अंग स्वच्छ धुवावयाचें असतें. हा नियम तेथें लहान मूलही पाळतें. आमच्या कुंडांना या दोन धड्यांची गरज आहे. ते गिरविले जाईपर्यंत मुलांना येथें सूर मारूं देऊं नये व कोणीही डोकें बुडवूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां करमणूक व विश्रांति. या परिसरांत लहानमोठीं विश्रामगृहें पुष्कळ झालीं आहेत. त्यांतील तलाव मुलांना आवडतात. पण त्यांत पाणी झऱ्याचें, कीं विहिरीचें, कीं यंत्रानें तापविलेलें, हें आधीं विचारावें. विहिरीचें असल्यास तें पाप नव्हे. मात्र मग तशा तलावासाठीं माजिवड्याहून येथवर येण्याचें प्रयोजन उरत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत कोंकणच्या उकाड्यांत ऊन पाण्यांत बसणें म्हणजे भर उन्हांत शेकोटी पेटविणें होय. पावसाळ्यांत नदी फुगली कीं कांठावरचीं कुंडें पुराखालीं जातात. उरतो हिंवाळा. त्यांतही एक दिवस, फार तर एक मुक्काम, पुरेसा होतो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलें "आतां काय?" असें विचारूं लागतात, आणि त्या प्रश्नाला या गांवांपाशीं उत्तर नाहीं.

एवढा विचार करून शेवटीं आम्ही दिवाळीनंतरच्या एका बुधवारीं, अंधार असतांनाच, निघालों. तानसेवर धुकें होतें आणि कुंडांवरून वाफा निघत होत्या. आईला मधुमेह नाहीं. रक्तदाबाविषयीं डॉक्टरला विचारून घेतलेलें होतें. मीं पाणी कोपरानें तीनदां पाहिलें. सर्वांत सोसवेल तें कुंड निवडून ती पायरीवर बसली व गुडघ्यांपर्यंत पाय सोडले. डोकें भिजविल्याशिवाय तीर्थस्नान पुरें होत नाहीं, ही तिची समजूत मला ठाऊक होती, आणि तेथें आमचा वाद होणार हें मीं धरून चाललों होतों. पण तिनें ओली ओंजळ केवळ डोक्यावरून फिरविली व हात जोडले. काकांचें बोट तिलाही आठवत असावें. पंधरा मिनिटांनीं मीं घड्याळ दाखविलें तेव्हां ती निमूट उठली. परततांना पत्नीनें विचारलें, "गुडघे कसे आहेत?" आई म्हणाली, "आहेत तसेच आहेत. पण मला आणलेंत, बरें केलेंत." दुपारचें जेवण वाटेवर एका खाणावळींत झालें, म्हणजे पत्नीच्या मागणीचाही एक चतुर्थांश फेडला गेला. मुलांचा तलाव राहिला तो राहिलाच.

तात्पर्य, चार दिवसांच्या सुट्टीचें स्थळ म्हणून वज्रेश्वरीची शिफारस मी करणार नाहीं. रोगमुक्तीच्या आशेनें जाणाऱ्यास तर जाऊं नका असेंच सांगेन. पण हिंवाळ्यांतील एक सकाळ, गर्दीचा दिवस टाळून, घरांतील म्हाताऱ्या माणसाबरोबर, सावधपणें घालवावयाची असेल, तर ठाण्याच्या रहिवाशाला इतक्या जवळ याहून चांगलें ठिकाण मला माहीत नाहीं. जातांना साबण घरीं ठेवावा, अंग धुऊनच कुंडापाशीं जावें आणि कांठावर पडलेलीं दोन वेष्टनें उचलून आणावीं. आम्हीं आणलीं, तीं दोनांची चाळीस निघालीं.