दोन गट आणि तीन ग्रंथ : अमेरिकन मोटार कामगार संघटनेतील फुटीची इतिहासमीमांसा

मार्च १९४६ मध्ये अटलांटिक सिटी येथील अधिवेशनात वॉल्टर रूथर ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या अमेरिकन मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले. पावणेनऊ हजारांच्या आसपास पडलेल्या मतांत त्यांचे मताधिक्य अवघे १२४ होते. कार्यकारी मंडळातील बहुमत विरोधी गटाकडेच राहिले. कोषाध्यक्ष जॉर्ज अ‍ॅडेस, पराभूत झालेले आणि लगेच उपाध्यक्षपदी निवडून आलेले आर. जे. थॉमस व रिचर्ड लिओनार्ड हे या गटाचे म्होरके होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याच शहरात भरलेल्या पुढील अधिवेशनात हे तिघेही पराभूत झाले आणि मंडळाच्या २२ पैकी १८ जागा रूथरगटाने जिंकल्या. या वीस महिन्यांचा अर्थ लावण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. त्यांपैकी तीन ग्रंथांचा विचार येथे केला आहे.

आयर्विंग हाव आणि बी. जे. विडिक यांचा १९४९ चा ग्रंथ घटनेच्या इतक्या निकट लिहिला गेला की त्यास इतिहासापेक्षा साक्ष म्हणणे अधिक योग्य ठरेल. दोघेही स्टालिनविरोधी डाव्या प्रवाहातील होते. विडिक तर संघटनेचेच कार्यकर्ते. त्यांच्या दृष्टीने ही लढाई कामगारांची लोकशाही आणि मॉस्कोनिष्ठा यांच्यातील होती. या मांडणीस आधार नाही असे नव्हे. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण करताच कम्युनिस्टांचे धोरण एका रात्रीत पालटले. युद्धकाळात संपबंदीच्या हमीचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते तेच होते आणि १९४३ मध्ये उत्पादनावर आधारित मजुरीचाही पुरस्कार त्यांनी केला. कामाची गती वाढविण्याच्या सक्तीविरुद्ध जी संघटना उभी राहिली, तिच्या सभासदांना हे रुचणे अशक्यच होते. तथापि अ‍ॅडेस वा थॉमस हे कम्युनिस्ट नव्हते, हे या मांडणीत मागे पडते. ‘मित्रपक्ष’ व ‘हस्तक’ यांतील भेद पुसण्याचे काम पुढे शीतयुद्धाने केले. त्याची पूर्वतयारी अशा लेखनात आढळते.

रॉजर कीरन यांचा १९८० चा ग्रंथ नेमकी उलट बाजू घेतो. कम्युनिस्ट कार्यकर्ते बाहेरचे घुसखोर नसून संघटनेच्या उभारणीतील बिनीचे शिलेदार होते, हा त्यांचा मुद्दा फ्लिंट येथील १९३६-३७ च्या ठिय्या संपाचा इतिहास पाहता मान्य करावा लागतो. परंतु युद्धकालीन धोरणाचे समर्थन करताना त्यांची लेखणी वकिली वळण घेते. फॅसिझमविरोधी युद्ध हे कारण पुरेसे मानले, तरी त्याच काळात डेट्रॉइटच्या कारखान्यांत संघटनेची अनुमती नसलेले संप का होत राहिले, याचा उलगडा त्यातून होत नाही.

नेल्सन लिक्टेनस्टाईन यांचे १९९५ चे रूथरचरित्र या तिन्हींत सर्वाधिक प्रगल्भ आहे. जनरल मोटर्समधील ११३ दिवसांच्या संपाचे विवेचन त्याची साक्ष देते. गाड्यांच्या किमती न वाढविता ३० टक्के वेतनवाढ द्यावी आणि कंपनीने आपल्या हिशेबाच्या वह्या उघड कराव्यात, ही रूथर यांची मागणी मालकीहक्कालाच हात घालणारी होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये कम्युनिस्टप्रभावित विद्युत कामगार संघटनेने त्याच कंपनीशी ताशी साडेअठरा सेंटवर तडजोड केली. रूथर साडेएकोणीस सेंटवर अडून होते. त्यांनाही अखेर साडेअठराच स्वीकारावे लागले. एका सेंटचे हे अंतर पुढील गटयुद्धात किती कामी आले, हे निराळे सांगावयास नको! तथापि चरित्र असल्यामुळे ग्रंथाचा प्रकाशझोत नायकावरच राहतो आणि अ‍ॅडेससारखी मधली माणसे काहीशी सावलीत राहतात.

दोन पक्षांच्या या चौकटीत कृष्णवर्णीय कामगारांचा प्रश्न नीट बसत नाही, आणि खरी कसोटी तेथेच आहे. १९४३ च्या बफेलो अधिवेशनात कार्यकारी मंडळावर कृष्णवर्णीय प्रतिनिधीसाठी जागा राखण्याचा प्रश्न पुढे आला. अ‍ॅडेसगट व कम्युनिस्ट त्यास अनुकूल होते. वर्णावर आधारलेली जागा हाही भेदभावच, असा रूथरगटाचा प्रतिवाद होता. प्रस्ताव फेटाळला गेला. तत्त्व म्हणून हा प्रतिवाद टिकेलही. परंतु मंडळावर पहिला कृष्णवर्णीय सभासद, नेल्सन जॅक एडवर्ड्स, येण्यास १९६२ साल उजाडावे लागले. दोन गट तुल्यबळ असेतो अल्पसंख्य मतदाराला किंमत होती. एकच गट उरल्यावर ती ओसरली. गटबाजीस केवळ व्याधी मानणाऱ्या अभ्यासकांनी या बाजूचा विचार करावयास हवा होता.

१९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने पदाधिकाऱ्यांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले आणि अंतर्गत वादात सरकार एका बाजूने उतरले. त्यामुळे सभासदांनी मुक्तपणे कौल दिला, हे विधान अर्धेच खरे ठरते. अर्धे, कारण शेतीयंत्र कामगारांच्या संघटनेस सामावून घेण्याची अ‍ॅडेसगटाची योजना त्याच वर्षी स्थानिक शाखांतील मतदानात पडली होती आणि तेथे कोणत्याही कायद्याचा धाक नव्हता. १९५२ मध्ये मात्र फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यातील ६०० क्रमांकाच्या, विरोधाचा बालेकिल्ला ठरलेल्या शाखेवर मध्यवर्ती नेतृत्वाने प्रशासक नेमले. विजयी गट पुढे ‘प्रशासन गट’ म्हणून ओळखला गेला. अध्यक्षाची निवड थेट सभासदांच्या मताने व्हावी, असा कौल २०२१ च्या सार्वमताने दिला आणि मार्च २०२३ मध्ये शॉन फेन यांच्या विजयाने अध्यक्षपद सुमारे पंचाहत्तर वर्षांनंतर त्या गटाच्या हातून गेले.